पुस्तिकेसाठी पाककृतींची शीर्षकं: काय ठेवायचं, काय उडवायचं?

सहकारनगरवाली

आमच्या सोसायटीची पाककृती पुस्तिका दिवाळीपर्यंत छापायची आहे. साधारण साठ कृती आल्यात. कृती बऱ्या आहेत, शीर्षकांनी मात्र घात केलाय. नमुने देते, जसे आले तसेच:

चविष्ट पौष्टिक थालीपीठ
आजीची स्पेशल आमटी
हेल्दी टेस्टी नाचणी
१५ मिनिटांत मोडाच्या मुगाची उसळ
पनीर पोटली विथ मिंट ट्विस्ट
सुगरणीचं सरप्राइज
अस्सल पुणेरी डाळिंबी उसळ

अनुक्रमणिका अकारविल्हे आहे, एका पानावर दोन रकाने, म्हणजे एका ओळीत मावेल एवढंच शीर्षक हवं. नंतर हेच सगळं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकेक करून टाकायचंय. लोकांना वाचावंसं तर वाटलं पाहिजे, पण जाहिरात वाटायला नको. ‘आजीची’ काढलं की पाठवणाऱ्या काकू रुसणार, ते वेगळंच. काही पद्धत आहे का?

---

मुद्रितशोधक

पद्धत सोपी आहे: शीर्षक सर्वात शेवटी लिहायचं, आणि कृती समोर ठेवून. कृतीत दोन गोष्टी अधोरेखित करा. एक, ज्याचं प्रमाण किंवा चव सगळ्यात वर येते तो जिन्नस. दुसरी, अशी पायरी की जी गाळली तर वेगळाच पदार्थ होईल. त्यापुढे पदार्थाचा प्रकार जोडला की शीर्षक तयार.

थालीपीठच घ्या. ‘चविष्ट’ आणि ‘पौष्टिक’ हे साठही कृतींना लावता येईल, म्हणजे ते कुणालाच लागू नाही. पण कृतीत धान्यं-डाळी वेगवेगळ्या भाजून दळल्या आहेत की डब्यातली कच्ची पिठं एकत्र केली आहेत, हे बघा. पहिलं ‘भाजणीचं थालीपीठ’, दुसरं ‘मिश्र पिठांचं थालीपीठ’. वाचणारीला लगेच कळतं की भाजणी घरात असेल तरच आज होईल. त्यात कांद्याऐवजी काकडी किसून घातली असेल तर ‘काकडीचं थालीपीठ’, आणि भाजणी खालच्या ओळीत.

आपल्याकडची जुनी नावं पाहा, ती सगळी अशीच बांधलेली आहेत. ‘पीठ पेरून सिमला मिरची’. जिन्नस कळला, पीठ भिजवायचं नाही तर कोरडं पेरायचं हेही कळलं. पाव किलो मिरचीला साधारण चार मोठे चमचे बेसन आणि नेहमीपेक्षा जरा सढळ तेल, हा अंदाजही अनुभवी बाईला नुसत्या नावावरून येतो. ‘ताकातला पालक’, ‘भरली वांगी’, ‘कटाची आमटी’, ‘दडपे पोहे’: एकातही स्तुती नाही, आणि तरी भूक लागते. भूक जिन्नसाच्या नावानं लागते. ‘ओलं खोबरं’, ‘चिंच-गूळ’, ‘लसणाची फोडणी’ हे शब्द शीर्षकात आले की ‘यम्मी’ची गरज उरत नाही.

आजीच्या आमटीत चिंच, गूळ, गोडा मसाला असेल तर ‘चिंच-गुळाची आमटी’. शेवग्याच्या शेंगा असतील तर ‘शेवग्याच्या शेंगांची चिंच-गुळाची आमटी’ करू नका, दोन ‘ची’ एकापाठोपाठ अडखळतात. ‘शेवग्याची आंबट-गोड आमटी’ पुरे. काकूंना सांगा, आजीचं नाव शीर्षकाखाली स्वतंत्र ओळीत येईल: ‘कृती: अमुक यांच्या आजींची’. मान तिथे जास्त दिसतो.

पनीरवालं: ‘पुदिना-पनीरच्या पोटल्या’. तळलेल्या असतील तर ‘तळलेल्या’ लिहा, लपवू नका.

---

हिंगाची डबी

वरचं सगळं मान्य. मी फक्त खोट्या आश्वासनांबद्दल लिहिते, कारण तक्रारी तिथूनच येतात.

वेळ. ‘१५ मिनिटांत मोडाच्या मुगाची उसळ’. मूग ८ ते १० तास भिजणार, मग फडक्यात बांधून १० ते १२ तास मोड यायला, थंडीत त्याहून जास्त. पंधरा मिनिटं ती फक्त गॅसवरची. एक तर शीर्षकातून वेळ काढा, नाहीतर कृतीच्या वर ठळक लिहा: ‘आदल्या दिवशी सकाळी भिजवणे’. ‘झटपट’ हा शब्द भिजवणं, आंबवणं, मुरवणं यातलं काहीही नसेल तरच वापरावा. तांदळाची उकड झटपट आहे, तिला द्या.

उपवास. इथे चूक झाली तर फोन येतात. हळद, हिंग, मोहरी, कांदा, लसूण यातलं काहीही कृतीत असेल तर ‘उपवासाची’ छापू नका. जिरं, कोथिंबीर, आलं घराघरावर आहे. एखाद्याकडे चालतं, शेजारी चालत नाही. तेव्हा त्या जिन्नसांपुढे ‘चालत असल्यास’ लिहा आणि शीर्षक तसंच ठेवा.

आरोग्याची लेबलं. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतातच, तिला ‘ग्लूटेन फ्री’ म्हणणं धोक्याचं. गहू नसलेल्या पदार्थातही डबीतला खडा नव्हे तर पूड केलेला हिंग बघा, त्यात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवर लिहिलेलं असतं. ज्याला खरंच गहू चालत नाही त्याला एवढंही त्रासाला पुरतं. गूळ घातलेल्या लाडवांना ‘शुगर फ्री’ लिहिणारे तर दर दिवाळीत भेटतात. ‘गुळाचे नाचणी लाडू’ लिहा, खरं आहे आणि छानही वाटतं. तुमची ‘हेल्दी टेस्टी नाचणी’ नक्की काय आहे? लाडू, आंबील, सत्त्व, डोसा? शीर्षकात पदार्थच नाही!

‘बिनतेलाची’ म्हटलं की चमचाभर फोडणीही नको. वाफवून तव्यावर थोड्या तेलात परतलेली कोथिंबीर वडी ही ‘न तळलेली कोथिंबीर वडी’, बिनतेलाची नव्हे.

---

ओलं खोबरं

‘अस्सल पुणेरी’ काढा हो. पुण्यात छापून पुणेकरांनाच वाटणार, वर ‘पुणेरी’ कशाला? गावाचं नाव तेव्हाच, जेव्हा त्यानं कृती बदलते. ‘खानदेशी शेवभाजी’ म्हटलं की काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा समजतो, तिथे ‘खानदेशी’ काम करतं.

आणि काही नावांना खाली एक ओळ लागतेच. ‘डाळिंबी उसळ’ वाचून नव्या सुनेनं किंवा बाहेरून आलेल्या शेजारणीनं डाळिंब आणलं तर तिचा दोष नाही. खाली बारीक टाइपात ‘मोड आणून सोललेल्या वालांची’ असं द्या. जुन्नरकडची मासवडीही तशीच: शाकाहारी माणूस नाव वाचूनच पान उलटतो. खरं तर बेसनाच्या उकडीत तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरून माशासारखा आकार देतात, मासा औषधाला नाही. खालची ओळ: ‘बेसनाची, तीळ-खोबऱ्याच्या सारणाची, रश्श्यासोबत’. मूळ नाव मात्र बदलू नका, ‘व्हेज फिश रोल’ वगैरे कराल तर जुन्नरची माणसं पुस्तिका परत करतील.

---

रकाना दोन

व्हॉट्सअ‍ॅप आणि फोनबद्दल.

शोधणारा माणूस पदार्थाचं नाव टाइप करतो, विशेषण नाही. त्यामुळे पहिल्या दोन-तीन शब्दांत नाव आलंच पाहिजे. पुढचं फोनच्या पडद्यावर कापलं जाऊ शकतं. एकाच पदार्थाला दोन नावं असतील, जसं वरणफळं आणि चकोल्या, किंवा फोडणीची पोळी आणि कुस्करा, तर पाठवणाऱ्याच्या घरात जे म्हणतात ते शीर्षकात आणि दुसरं पहिल्या वाक्यात. शीर्षकात तिरप्या रेघा मारून चार नावं कोंबली की दुकानाच्या पाटीसारखं दिसतं.

पुढे कुणी व्हिडिओ करणार असेल तर यूट्यूबची शीर्षकमर्यादा १०० वर्णांची आहे, आणि संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजतो. ‘कोथिंबीर’ डोळ्याला चार अक्षरं, संगणकाला आठ. म्हणजे देवनागरी शीर्षक दिसतं त्यापेक्षा लवकर भरतं.

शुद्धलेखन एकच धरा: थालीपीठ की थालिपीठ, कढीपत्ता की कढीलिंब. दोन्ही रूपं छापली तर फाईलमध्ये शोधताना अर्ध्या कृती सापडत नाहीत.

---

सहकारनगरवाली

मनापासून आभार सगळ्यांचे. बदललेली यादी अशी, कुठे चुकत असेल तर सांगा:

भाजणीचं थालीपीठ
शेवग्याची आंबट-गोड आमटी
गुळाचे नाचणी लाडू (लाडूच होते!)
मोडाच्या मुगाची उसळ
पुदिना-पनीरच्या पोटल्या
डाळिंबी उसळ
खमंग काकडी

‘सुगरणीचं सरप्राइज’ म्हणजे उरलेल्या भाताची वडी निघाली. तिला काय म्हणू? आणि ‘खमंग’ विशेषण आहे म्हणून नुसती ‘काकडीची कोशिंबीर’ करू का?

---

मुद्रितशोधक

खमंग काकडीला हात लावू नका, ते पदार्थाचं नाव आहे. काकडी चोचवून (सुरीनं टोचे मारत बारीक कापून), दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू आणि वरून तुपाची जिरं-मिरचीची फोडणी. कोशिंबीर म्हटलं की लोक दही शोधतील.

भाताची वडी: ‘उरलेल्या भाताच्या वड्या’. ‘उरलेल्या’ला लाजू नका, पाहुणे जेवून गेल्यावर पातेल्यात भात राहिला की माणूस नेमकं हेच शोधतो. बेसन किती घातलंय ते मात्र तपासा. दोन वाट्या भाताला अर्धी वाटी असेल तर नाव बरोबर. दीड वाटी बेसन असेल तर ती बेसनाचीच वडी झाली, भात नावाला.

आणि अनुक्रमणिका अकारविल्ह्याऐवजी जिन्नसवार लावता आली तर बघा. मंडईतून स्वस्त दुधी आणल्यावर बाई ‘दुधी’खाली बघते. जागा नसेल तर अकारविल्हेच ठेवा, पण ‘शेवग्याची आमटी’ श खाली आणि आ खाली, दोन्हीकडे एकाच पानक्रमांकासह द्या.