मदत हवी आहे: दोन विमानतळांमधलं अंतर जुळत नाहीये

रानपाखरू
एक्सेलमध्ये दोन विमानतळांमधलं अंतर काढतेय. अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं हॅवरसाइनचं सूत्र बरोबर टाकलंय, पुन्हा पुन्हा तपासलंय. उत्तर येतंय १,९५७ किमी, जे शक्यच नाही. आणि वेळापत्रक बघावं तर विमान सुटण्याआधीच पोचतंय! तक्ता आजच द्यायचाय, कुणीतरी पटकन सांगा.

भटक्या७
कुठले विमानतळ?

गणितप्रेमी
अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) केलेत का? एक्सेलला साइन-कोसाइनसाठी रेडियनच लागतात, बहुतेकांचं तिथेच अडतं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरलीत ना?

रानपाखरू
हो, रेडियन केलेत, त्रिज्याही तीच. सूत्र बरोबर आहे असं लिहिलंय की वर.

पायाशुद्ध
हॅवरसाइन सोडाच. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, ते सूत्र तिला गोल धरतं. विन्सेंटीची १९७५ची पद्धत वापरा, मिलिमीटरपर्यंत उत्तर मिळेल.

गणितप्रेमी
गोल धरल्याने फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. त्यांचं उत्तरच शक्य कोटीतलं नाही, तिथे मिलिमीटर काय करायचेत?

पायाशुद्ध
पाया चुकीचा असेल तर वरचं सगळंच चुकतं.

नकाशेवाला
सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. त्यापेक्षा गूगल अर्थमधला रुलर वापरा.

भटक्या७
अहो, त्या नकाशावर मोजतच नाहीयेत. रानपाखरू, विमानतळ कुठले ते सांगा ना, अक्षांश-रेखांशांसकट.

रानपाखरू
टोकियो हानेडा ३५.५५, १३९.७८. लॉस एंजेलिस ३३.९४, ११८.४१.

भटक्या७
लॉस एंजेलिस पश्चिम रेखांशावर आहे, उणे ११८.४१ टाका. उणे चिन्ह नसलं की तो बिंदू पूर्व चीनमध्ये जातो. तुमचे १,९५७ किमी तिथपर्यंतचे आहेत.

रानपाखरू
८,८१३ आलं!! खूप आभार. आता वेळेचं सांगा. टोकियोहून संध्याकाळी ५ ला सुटतं, तिकडे सकाळी ११ ला पोचतं, तारीख तीच. हे कसं?

भटक्या७
दोन्ही वेळा स्थानिक आहेत, त्या यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणून ५ चे झाले ०८:००. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात ७ तास मागे, म्हणजे ११ चे १८:००. प्रवास १० तासांचा. हिवाळ्यात तिकडे ८ तास मागे धरा.

गणितप्रेमी
ताशी ९०० किमीने भागलं तरी पावणेदहा तास येतात. वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, धावपट्टीपर्यंत जाणं-येणं त्यातच धरलेलं असतं.

नकाशेवाला
परतीला मात्र साडेअकरा-बारा धरा, जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचे पश्चिमेकडून येणारे वेगवान वारे, समोरून येते. हे वारे जपानमध्येच हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून मोजले होते, १९२०च्या दशकात. अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, म्हणून बाहेर फारसा कुणी वाचलाच नाही. इतकं मोलाचं काम!

पायाशुद्ध
८,८१३ हा आकडाही गोल पृथ्वीचाच आहे. तक्त्यात तसं नमूद करा.

भटक्या७
ते करा हवं तर. पण विमान नेमकं त्या रेषेवरून उडतच नाही. पॅसिफिकवरचे मार्ग वारा बघून रोज नव्याने आखतात.

रानपाखरू
माझ्या तक्त्यात वेळेचा एकच रकाना आहे. जाण्या-येण्याची सरासरी टाकू?

भटक्या७
नको. दोन रकाने करा.

सागरगोटा
या मार्गावर डावीकडची खिडकी घ्यावी की उजवीकडची?