वी रिमोट माऊस म्हणून: सकाळी बरा चालतो, दुपारी कर्सर उड्या मारतो

वर्गशिक्षिका_नागपूर
नमस्कार. वाचनालयाच्या हॉलमध्ये उन्हाळी वर्ग सुरू आहेत. तिथल्या उबंटूच्या लॅपटॉपवर निन्टेन्डोच्या वी या व्हिडिओ गेमचा जुना रिमोट माऊस म्हणून लावला आहे. मुलांमध्ये फिरता फिरता स्लाइड बदलता यावी, नकाशावर नेमकी जागा दाखवता यावी, एवढंच हवं आहे. ब्लूटूथ जोडणी झाली, बटणंही चालतात. सेन्सर बार (पडद्याजवळ ठेवायची, रिमोटला निशाणी देणारी दिव्यांची पट्टी) नव्हता, म्हणून यूएसबीवर चालणारा बनवून घेतला. दोन्ही टोकांना आयआर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड देणाऱ्या, एलईडी आहेत, मध्ये २० सेंमी अंतर, आणि बार प्रोजेक्टरच्या पडद्याखाली चिकटवला आहे. पडदा १.८ मीटर रुंद, मी ५-६ मीटरवर असते. पायथॉनची छोटी स्क्रिप्ट रिमोटला दिसणाऱ्या बारच्या दोन ठिपक्यांचा मध्य काढून तिथे कर्सर ठेवते.

सकाळी कर्सर थोडा थरथरतो, पण काम भागतं. दुपारी ३ नंतर मात्र एकदम कोपऱ्यात जातो, परत येतो, कधी जागच्या जागी अडकून राहतो. पडद्याच्याच भिंतीत डावीकडे पश्चिमेची खिडकी आहे. तिला बाहेरून हिरवी नेट आणि आतून काळा पडदा आहे, त्यामुळे खोलीत उजेड जवळपास नाहीच. सेल नवे आहेत. स्क्रिप्टमध्ये चूक असेल का? आणि याच रिमोटने भिंतीवर पेनने लिहिता येतं म्हणतात, त्यालाही हाच बार लागतो का?

सोल्डरवाला
मॅडम, स्क्रिप्ट नंतर पाहू. आधी खिडकी.

नावात ‘सेन्सर’ असलं तरी बार काहीही ओळखत नाही, तो फक्त दोन दिवे आहेत. ओळखणारा कॅमेरा रिमोटच्या नाकाशी, काळ्या काचेमागे असतो. ती काच डोळ्यांना दिसणारा उजेड अडवते आणि अवरक्त आत सोडते. कॅमेरा चित्र पाठवतच नाही. त्याला दिसलेले जास्तीत जास्त चार ठळक ठिपके १०२४ बाय ७६८ च्या चौकटीत कुठे आहेत, एवढेच आकडे पाठवतो. ठिपका बारचा की उन्हाचा हे त्याला कळत नाही. दुपारी खिडकीतून आलेली तिरीप तिसरा ठिपका होते, आणि तुमची स्क्रिप्ट ‘पहिले दोन’ धरत असेल तर मध्यबिंदू भलतीकडेच जाणार.

आता काळा पडदा. बरंच रंगीत कापड दिसणारा उजेड अडवतं, पण अवरक्त आरपार जाऊ देतं. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, जांभळट दिवा लुकलुकताना दिसेल. (मागच्या कॅमेऱ्याला पुष्कळदा फिल्टर असतो, म्हणून पुढचाच घ्या.) आता मधे पडद्याचं कापड धरा. दिवा तरीही दिसत असेल तर त्या पडद्याचा इथे उपयोग नाही. नेटला तर भोकंच आहेत. जाड पुठ्ठा, किंवा आतून ॲल्युमिनियम फॉइल लावलेला कागद, खिडकीला घट्ट बसवा.

खात्री करायची तर एक्सवीमोट (xwiimote) या लिनक्सवरच्या साधनातलं एक्सवीशो (xwiishow) टर्मिनलमध्ये चालवा, त्यात आयआरचे ठिपके थेट दिसतात. दुपारी ४ वाजता बारची यूएसबी काढून ठेवा आणि रिमोट पडद्याकडे धरा. बार बंद असताना एकही ठिपका दिसायला नको. दिसला तर रिमोट हळूहळू फिरवून तो कुठून येतो ते शोधा. हॅलोजन, जुना पिवळा बल्ब, समई हे सगळे त्याला दिसतात. एलईडी ट्यूबलाइटचा सहसा त्रास नसतो. खिडकीसमोरचं स्टीलचं कपाट किंवा चकचकीत फरशी ऊन परतवते, तेही बघा.

सकाळची थरथर बारच्या रुंदीमुळेही असू शकते. दुरून २० सेंमी अंतरावरचे एलईडींचे दोन गुच्छ कॅमेऱ्याला एकमेकांना खेटून दिसतात, उजेडही कमी पोचतो. तुमच्या अंतराला बार ४० सेंमी करा. प्रत्येक टोकाला ९४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तीन एलईडी एकामागे एक जोडा आणि त्यांच्यासोबत ४७ ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर टाका. अशा दोन शाखा ५ व्होल्टवर समांतर जोडल्या की प्रत्येकीत साधारण २०-३० मिलीॲम्पिअर वाहतात, कोणत्याही यूएसबी पोर्टला ते झेपतं. तीनपैकी मधली एलईडी सरळ ठेवा, कडेच्या दोन थोड्या बाहेर वाकवा. नाहीतर खोलीच्या कोपऱ्यात गेलात की बार दिसेनासा होतो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, घेताना ‘९४० ची ट्रान्समीटर’ असं स्पष्ट सांगा. ८५० ची कॅमेऱ्याला दिसते, पण तितकी ठळक नाही. आणि काळ्या डोक्याचा फोटोडायोड हुबेहूब एलईडीसारखा दिसतो, तो उजेड देत नाही.

पेंग्विन_४४००
सोल्डरवाला भाऊंनी निदान बरोबर केलं आहे. पण स्क्रिप्टही सुधारावी लागेल, कारण फिरता फिरता रिमोट थोडा तरी तिरपा होणारच.

उबंटूच्या कर्नलमधला ड्रायव्हर रिमोटसाठी वेगवेगळी इनपुट उपकरणं तयार करतो: बटणांचं वेगळं, ॲक्सिलरोमीटरचं (हालचाल आणि झुकाव मोजणाऱ्या सेन्सरचं) वेगळं, आयआरचं वेगळं. तुम्हाला आयआरचं वाचायचं आहे. ठिपका नसला की तिथे १०२३ येतं. ही किंमत गाळली नाही तर ती खरी जागा समजून कर्सर कोपऱ्यात जाऊन बसतो. तुमची ‘एकदम कोपऱ्यात’ची तक्रार अर्धी इथलीच वाटते.

ठिपके दोनपेक्षा जास्त आले तर मागच्या फ्रेममधल्या जोडीच्या सर्वांत जवळची जोडी घ्या. एकच उरला तर शेवटचं माहीत असलेलं अंतर आणि कोन धरून दुसरा कुठे असेल ते काढा. एकही नसेल तर कर्सर आहे तिथेच राहू द्या. दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषेचा कोन म्हणजे मनगट किती वळलं ते. मध्यबिंदू चौकटीच्या केंद्राभोवती, म्हणजे ५१२, ३८४ भोवती, तेवढाच उलटा फिरवा. मग रिमोट तिरपा धरला तरी कर्सर सरळ जाईल. आडवी दिशा उलटी करायला विसरू नका: रिमोट उजवीकडे नेला की ठिपके कॅमेऱ्यात डावीकडे सरकतात.

पूर्ण १०२४ रुंदी पडद्यावर पसरवू नका. कडेला गेलात की बारचं एक टोक चौकटीबाहेर पडतं आणि कर्सरला हिसका बसतो. २०० ते ८२४ एवढा मधला पट्टा पुरे.

थरथर घालवायला लोक नुसती सरासरी घेतात, पण ती वाढवली की कर्सर हाताच्या मागे रेंगाळतो. त्यापेक्षा वन युरो फिल्टर वापरा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अगदी छोटा कोड आहे: हात हळू असताना जास्त गुळगुळीत करतो, वेगात असताना जवळपास सोडून देतो. नकाशावर गाव दाखवायला हेच हवं.

गृहपाठ_करा
मधेच विचारतो. माझ्याकडे विंडोज ११ आहे, जोडताना पिन मागून राहिलं. कोणता टाकायचा?

पेंग्विन_४४००
टाइप करता येईल असा पिन नसतोच. लाल सिंक बटणाने जोडताना तुमच्या संगणकाच्या ब्लूटूथ पत्त्याचे सहा बाइट उलट्या क्रमाने, हाच पिन. त्यातले बरेच बाइट कीबोर्डवर नाहीतच. जुन्या कंट्रोल पॅनलच्या ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’मधून जोडा, पिनचा रकाना रिकामा ठेवा आणि नेक्स्ट दाबा. दिवे लुकलुकतात तेवढ्या २० सेकंदांत हे उरकायला हवं. अशी जोडणी टिकत नाही, संगणक बंद केला की पुन्हा करावी लागते. रोज ही कटकट नको असेल तर मेफ्लॅशचा डॉल्फिनबार घ्या. त्यात ब्लूटूथ आणि आयआर दिवे दोन्ही आहेत, आणि माऊसचा मोडही.

वर्गशिक्षिका_नागपूर
बार बंद ठेवून पाहिलं. दुपारी ४ ला दोन ठिपके दिसले: एक खिडकीचा, दुसरा पडद्याशेजारच्या स्टीलच्या कपाटाचा. काळ्या कापडातून टीव्ही रिमोटचा दिवा अगदी स्वच्छ दिसतो, हे खरंच वाटलं नव्हतं. खिडकीला पुठ्ठा लावला, कपाटाच्या दारावर कागद चिकटवला. आता शून्य. १०२३ गाळल्यावर कोपऱ्यातली उडीही थांबली. एक राहिलं: बी बटण दाबलं की कर्सर किंचित खाली घसरतो आणि शेजारच्याच गोष्टीवर क्लिक होतं.

पेंग्विन_४४००
बी खालच्या बाजूला आहे, दाबताना रिमोटचं नाक हलतं. बटण दाबल्याची खबर आली की १५० मिलिसेकंद कर्सर गोठवा आणि क्लिक ५० मिलिसेकंद आधीच्या जागेवर टाका, कारण खबर येईपर्यंत हात हललेला असतो. मागच्या दहा जागा साठवून ठेवल्या की झालं. किंवा क्लिक अंगठ्याखालच्या ए वर घ्या, तिथे हिसका कमी बसतो.

सोल्डरवाला
आता पेनचं. त्यात सगळं उलटं होतं. रिमोट एका जागी स्थिर, आणि दिवा तुमच्या हातात, पेनच्या टोकाला. बार लागत नाही, उलट बंदच करा, नाहीतर त्याचेच ठिपके मधे येतील. ही कल्पना जॉनी चुंग ली यांनी २००७ मध्ये दाखवली. पडद्याचे चार कोपरे पेनने टेकवायचे. कॅमेऱ्याला तिरका दिसणारा चौकोन आणि पडद्याचा सरळ चौकोन यांचा मेळ घालायला आठ आकडे लागतात, चार बिंदूंचे दोन-दोन मिळून बरोबर आठ. म्हणूनच रिमोट किंवा प्रोजेक्टर बोटभर सरकला तरी कोपरे पुन्हा टेकवावे लागतात.

पेनसाठी संपलेल्या मार्करची नळी, ट्रिपल-ए सेल, ९४० ची एक एलईडी आणि दाबून धरायचं पुश बटण. एका सेलवर रेझिस्टर लागत नाही. मात्र रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो, त्यावर एलईडी नीट पेटत नाही, साधा १.५ व्होल्टचा अल्कलाइन टाका. एलईडीचं गोल डोकं पॉलिश पेपरवर घासून सपाट करा. गोल डोकं उजेड समोर एकवटतं, मग पेन जरा तिरका झाला की रेघ तुटते. घासल्यावर तो सगळीकडे पसरतो.

रिमोट पडद्याच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर, तुमच्याकडे २.७ ते ३.६ मीटर, एका बाजूला आणि उंच. लिहिताना तुमचं अंग मधे येणार नाही अशी बाजू निवडा. कूलरच्या स्टँडला किंवा कूलर टेकलेल्या खिडकीच्या चौकटीला तो बांधू नका. पंख्याची थरथर रिमोटमध्ये उतरते आणि सरळ रेघ करवतीसारखी दातेरी येते. भिंतीवर वेगळा ब्रॅकेट मारा.

लिनक्सवर यासाठी पायथॉन-व्हाइटबोर्ड हा प्रोग्राम आहे, पण तो सीविड (cwiid) या, रिमोटशी बोलणाऱ्या, जुन्या लायब्ररीवर उभा आहे. रिमोटच्या मागच्या लेबलवर नावाच्या शेवटी ‘टीआर’ असेल तर मूळ सीविडशी त्याचं जमत नाही. आधी लेबल बघा, मगच पेन जोडायला घ्या.

जायरो_जॉयकॉन
ज्यांना बार आणि पुठ्ठा दोन्ही नकोत त्यांनी जायरोस्कोप (फिरणं मोजणारा सेन्सर) असलेला गेमचा कंट्रोलर घ्यावा, निन्टेन्डो स्विचचा जॉय-कॉन किंवा प्लेस्टेशन ४ चा ड्युअलशॉक ४. स्टीम या गेमच्या ॲपच्या इनपुट सेटिंगमध्ये जायरो माऊसला जोडता येतो, उन्हाचा संबंधच उरत नाही. मूळ वी रिमोटमध्ये जायरो नाही, फक्त ॲक्सिलरोमीटर. त्याला गुरुत्वाकर्षणावरून वर-खाली झुकाव कळतो, पण डावीकडे-उजवीकडे वळणं कळत नाही. म्हणून बारशिवाय त्याने नीट निर्देश करता येत नाही.

जायरोची अडचण वेगळी. तो फिरण्याचा वेग मोजतो, जागा नाही, त्यामुळे लहान चूक साठत जाते आणि कर्सर आपोआप एका बाजूला सरकतो. शून्याची ही चूक तापमानाने बदलते. सकाळी गार खोलीत कॅलिब्रेट केलेला (शून्य ठरवून दिलेला) कंट्रोलर नागपूरच्या मे महिन्यात दुपारी २ ला सरकायला लागणारच. टेबलावर ठेवा, काही सेकंद हात लावू नका, पुन्हा कॅलिब्रेट करा. आणि जायरो एखादं बटण दाबलेलं असतानाच चालू राहील असं ठेवा. माऊस उचलून परत ठेवतो तसं बटण सोडून हात आरामाच्या जागी आणता येतो, आणि वर्गाशी बोलताना कर्सर पडद्यावर भटकत नाही.

वर्गशिक्षिका_नागपूर
लेबल पाहिलं, ‘टीआर’ नाही. पेनचं सामान शनिवारी बर्डीवरून आणते. ब्रॅकेट कूलरच्या समोरच्या भिंतीवर मारायला सांगितलं आहे.