मेनूचा क्रम सॉफ्टवेअरने स्वतःहून बदलावा का?

प्रश्न

सहकारी पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान गटात मी काम करते. रोखपाल, कर्ज विभागातील कारकून आणि व्यवस्थापक असे सगळे एकच प्रोग्राम वापरतात, पण प्रत्येकाची गरज निराळी असते. कोण कोणता पर्याय किती वेळा वापरतो याची नोंद ठेवून मेनूचा क्रम ज्याच्या त्याच्यासाठी आपोआप बदलावा आणि क्वचित लागणारे पर्याय झाकून ठेवावेत, असा प्रस्ताव आमच्यापुढे आहे. मला तो पटत नाही. जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

हा प्रयोग पूर्वी होऊन गेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मध्ये मेनू उघडल्यावर नेहमीचे पर्यायच दिसत आणि उरलेले पाहण्यासाठी क्षणभर थांबावे लागे किंवा तळाच्या दुहेरी बाणावर क्लिक करावे लागे. २००७ च्या आवृत्तीत रिबन (खिडकीच्या वरच्या भागातली बटणांची पट्टी) आले, त्यात पर्यायांच्या जागा ठरलेल्या होत्या आणि आपल्याला हवे ते पर्याय क्विक अ‍ॅक्सेस टूलबारवर स्वतः निवडून ठेवता येत होते. आपल्या क्षेत्रात तर धोका अधिक आहे, कारण लाभांश वाटपासारखे काम वर्षातून एकदाच येते, आणि ज्या दिवशी तो पर्याय हवा असतो नेमका त्याच दिवशी तो झाकलेला राहील. क्वचित लागणारी गोष्ट कमी महत्त्वाची असते, हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे.

प्रतिसाद २

मी अंध आहे आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरतो. खालचा बाण किती वेळा दाबला की कोणता पर्याय येतो हे माझ्या बोटांना पाठ असते, त्यामुळे क्रम न सांगता बदलला तर मला संपूर्ण मेनू पुन्हा ऐकत बसावे लागते. वेबसाइटच्या सुगम्यतेसाठी, म्हणजे अपंगांनाही त्या वापरता याव्यात म्हणून, २००८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.० या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये निकष ३.२.३ आहे: अनेक पानांवर येणारा नॅव्हिगेशनचा क्रम तोच राहावा, वापरकर्त्याने स्वतः बदल केला असेल तर गोष्ट वेगळी. हा अपवाद मला फार मोलाचा वाटतो. एनव्हीडीएमध्ये प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळे प्रोफाइल (सेटिंग्जचा संच) ठेवता येते. सॉफ्टवेअरने माझ्या गरजेप्रमाणे जरूर बदलावे, पण मी सांगितल्यावर.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही मते मान्य करूनही एक अडचण मांडतो: कामाच्या गर्दीत बहुतेक कर्मचारी सेटिंग्ज उघडतच नाहीत, त्यामुळे सगळे त्यांच्यावर सोडले तर काहीच बदलणार नाही. सीअर्स आणि श्नायडरमन या संशोधकांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ‘स्प्लिट मेनू’मध्ये नेहमीचे मोजके पर्याय वरच्या वेगळ्या भागात ठेवले होते आणि त्यामुळे निवडीचा वेळ वाचल्याचे त्यांना आढळले. तेव्हा मूळ मेनू सर्वांसाठी एकाच क्रमाने पूर्ण ठेवावा, म्हणजे फोनवर मदत करतानाही “तिसरा पर्याय निवडा” असे सांगता येईल, आणि त्याच्या वर पदानुसार ठरवलेली छोटी यादी द्यावी, जी कर्मचाऱ्याला बदलता किंवा बंद करता येईल. मात्र काउंटरवरचा एकच संगणक दोघे जण एकाच लॉगिनवर वापरत असतील, तर ती यादीही भलत्याच्याच सोयीची होईल. म्हणून स्वतंत्र लॉगिनची व्यवस्था आधी करावी.