स्टॉक फोटो विकायला आता नव्याने सुरुवात करण्यात अर्थ आहे का?

शेतशिवार
बारामतीजवळ राहतो. साधा डीएसएलआर आणि पन्नास एमएमची लेन्स आहे. ऊसतोड, गुऱ्हाळ, आठवडी बाजार यांचे बरेच फोटो साठलेत. ते शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी स्टॉकवर टाकायचा विचार आहे. या साइटवर आपण फोटो चढवायचे, तिथून कुणी वापरायला विकत घेतला की पैशातला वाटा आपल्याला. चकाचक ऑफिस आणि हसऱ्या चेहऱ्यांचा तिथे महापूर आहे, पण आपल्याकडच्या शेतीतलं खरं काम फार कमी दिसतं. नवख्याला जागा असेल तर ती इथेच, असं माझं मत. विरोधी मतंही येऊ द्या.

रात्रपाळी
असहमत. जून २०२० मध्ये शटरस्टॉकने मोबदल्याची पद्धत बदलली. फोटोग्राफरचा वाटा १५ टक्क्यांपासून सुरू होतो, विक्री वाढेल तसा ४० पर्यंत चढतो आणि १ जानेवारीला सगळे परत पहिल्या पायरीवर. सबस्क्रिप्शनवाल्या ग्राहकाने फोटो उचलला तर हातात १० सेंटसुद्धा पडू शकतात. त्यात अ‍ॅडोबीने डिसेंबर २०२२ मध्ये एआयने बनवलेली चित्रं घेण्याचे नियमच जाहीर केले. 'हिरव्या शेतात हसरा शेतकरी' आता कुणीही घरबसल्या तयार करतो. त्यासाठी पहाटे चारला उसाच्या फडात कशाला जायचं?

कॅमेरावाली
रात्रपाळी, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. हसरा शेतकरी संपला हे मान्य. पण एआयला गुऱ्हाळ काढायला सांगून बघा. काहील (रस उकळायची कढई) कुठल्या आकाराची, चुलवणात चिपाडं कुठून सारतात, गूळ बनवणारा गुळव्या पाक कसा जोखतो, यातलं काही धड येत नाही. शेतीविषयक मासिकाला किंवा पाठ्यपुस्तकाला चुकीचं चित्र चालत नाही, त्यांना खरा फोटोच लागतो. शिवाय अ‍ॅडोबीत फोटोला सरळ ३३ टक्के मिळतात, पायऱ्या नाहीत.

शेतशिवार, नवखे लोक मार खातात ते कीवर्डमध्ये, म्हणजे ग्राहक फोटो शोधतो त्या शब्दांत. अ‍ॅडोबीत ४९ टाकता येतात, पण पहिले दहा सर्वांत महत्त्वाचे. तिथे 'भारत', 'निसर्ग', 'सुंदर' भरू नका. गूळ, ऊस, काहील, उकळता रस असं नेमकं, इंग्रजीत लिहा. आणि ट्रॅक्टरवरचं कंपनीचं नाव पुसल्याशिवाय फोटो चढवू नका, नाकारला जाईल.

नीरा_काठ
पैशांचं चाललंय ते ठीक, पण फडातल्या माणसांचं काय? चेहरा ओळखू येत असेल आणि फोटो जाहिरातीसाठी विकायचा असेल तर त्या माणसाची सही असलेलं मॉडेल रिलीज, म्हणजे संमतीपत्र, लागतं. बीडकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन आलेल्या जोडप्यापुढे, मुकादम शेजारी उभा असताना, इंग्रजी कागद ठेवून सही घेणं याला मी संमती मानत नाही. त्यांना नाही म्हणायची सोयच नसते.

रात्रपाळी
याला +१. आणि सही घेतली तरी तो चेहरा उद्या कुठल्या देशात कुठल्या जाहिरातीवर झळकेल, हे फोटो काढणाऱ्यालाही कळत नाही.

कॅमेरावाली
मग संपादकीय वापरासाठी द्या. शटरस्टॉक आणि अलामी नावाची दुसरी साइट, दोन्ही घेतात, बातमी-लेखापुरताच वापर होतो, रिलीज लागत नाही. कॅप्शनमध्ये गाव आणि तारीख खरी लिहायची. हे फोटोच काढू नयेत म्हणणं मला पटत नाही. सहा-सहा महिने घर सोडून राबणारी माणसं कुठल्याच चित्रात दिसली नाहीत, तर त्यात त्यांचं काय भलं आहे?

नीरा_काठ
काढू नका असं म्हटलेलंच नाही. विकण्याबद्दल बोलतेय. 'रिलीज लागत नाही' हा कायद्याचा भाग झाला. ज्याच्या चेहऱ्यावर पैसे मिळणार त्याला मराठीत नीट सांगावं, मुकादम नसताना विचारावं, आणि मोबदला आधी हातात द्यावा. तेवढं जमत नसेल तर हातांचे, कोयत्याचे, मोळ्यांचे फोटो घ्या.

शेतशिवार
नीराताई, पटलं. चेहऱ्यांचे फोटो बाजूला काढतो. गुऱ्हाळ ओळखीच्यांचं आहे, मालकांना समजावून प्रॉपर्टी रिलीजवर, म्हणजे जागेच्या फोटोच्या संमतीपत्रावर, सही घेईन. गुळव्यांना वेगळं विचारेन, त्यांचे पैसेही वेगळे. कराचा फॉर्म भरायचा असतो म्हणतात, तो काय?

कॅमेरावाली
डब्ल्यू-८ बेन. खातं उघडल्यावर तिथेच ऑनलाइन भरता येतो, पॅन नंबर जवळ ठेवा. न भरल्यास अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात, भरला की भारताशी असलेल्या करारामुळे १५. अ‍ॅडोबीत २५ डॉलर जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत, त्यामुळे पहिले काही महिने खात्याकडे बघूच नका.

रात्रपाळी
माझं मत अजून तेच आहे. इतकी मेहनत घेणारच असाल तर हेच गुऱ्हाळाचे फोटो आधी गूळ विकणाऱ्यांना दाखवा. पॅकिंगसाठी, वेबसाइटसाठी त्यांना लागतात. दर तुम्ही ठरवाल, आणि फोटो कुठे वापरला तेही कळेल. फक्त त्यांना एकट्यालाच वापरायचे हक्क देऊन बसू नका, नाहीतर तोच फोटो स्टॉकवर टाकता येणार नाही.