अनुभव धागा: तुमच्या बीटचा हवालदार तुम्हाला ओळखतो का?

२०२१ पासून महाराष्ट्रात तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांक आहे. फोन लावला की गाडी येते, आमच्याकडे तरी बऱ्यापैकी लवकर येते. पण ती येते काहीतरी घडून गेल्यावर. एरवी आपल्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या भागात, गल्लीतून पायी फिरणारा, पानवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ओळखणारा हवालदार आता क्वचित दिसतो, आणि मला तोच हवा आहे. नुसता चौकाचौकात बंदोबस्त वाढवून ती उणीव भरून निघत नाही. तुमचे अनुभव लिहा, बरे-वाईट दोन्ही. पोलीस ठाण्याचं नाव मात्र नको.

रातपाळी: पुण्यात रात्री उशिरा कॅबमधून उतरते. सोसायटीच्या गेटवर पूर्वी वही टांगलेली असायची, मोटरसायकलवरून गस्त घालणारे बीट मार्शल वेळ टाकून सही करून जायचे. आता क्यूआर कोड स्कॅन करतात. ते कधी येतील याचा नेम नसतो, म्हणून वॉचमनही जागा राहतो. समोरच्या टपरीवरचं टोळकं मोटरसायकल दिसली की पांगतं. मला एवढा आधार पुरतो.

जुना भिवंडीकर: १९८४ ची दंगल डोळ्यांनी पाहिली आहे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे उपायुक्त म्हणून आले आणि मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. हिंदू-मुसलमान दोघंही एकाच समितीत, सोबत बीटचे पोलीस. आमची बैठक एका यंत्रमाग कारखान्यात व्हायची, माग बंद ठेवून. सुरुवातीला दंगलीचा विषय कुणी काढायचंच नाही. तुंबलेलं गटार, नळाचं पाणी, भाडेकरूंची भांडणं, हेच. हवालदार मागाशेजारच्या बाकावर बसून सगळं टिपून घ्यायचा. ‘हे आमचं काम नाही’ असं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पुढे डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी पडली, मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. अफवा आली तर खरंखोटं कुणाला विचारायचं, हे तोवर मोहल्ल्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक झालं होतं.

पालावरचा: मी पारधी समाजातला. आम्हाला जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पहिली गाडी आमच्या पालावर येते. माझ्या भावाला कांदा काढताना वावरातून उचललं, रात्रभर बसवून ठेवलं. चोर भलताच निघाला. त्यामुळे ‘पोलीस दिसला पाहिजे’ हे वाचलं तरी पोटात गोळा येतो. भिवंडीकर म्हणतात तसा हवालदार आमच्याकडेही येऊ दे की. चोरी झालेली नसताना येऊ दे. पोरांचे जातीचे दाखले का अडलेत, ते विचारू दे.

हवालदाराची लेक: बाबा बीटवर होते, पण कागदावर. गणपती, नवरात्र, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, काहीही आलं की बीट सोडून बंदोबस्त. बारा-बारा तास उभं राहून पाय सुजायचे. आई मिठाच्या गरम पाण्याची बादली तयारच ठेवायची. असा माणूस गल्लीतल्या लोकांना ओळखणार कधी? २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना मुंबईत देवनारला आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा आमच्या पोलीस लाइनीत दिवसभर तोच विषय होता. लोकांनी पोलिसांकडून अपेक्षा जरूर ठेवाव्यात. सोबत एक मागणीही लावून धरा: बीटचा माणूस बंदोबस्ताला गेला, तर त्याच्या जागी कोण, हे त्याच दिवशी चौकीच्या फळ्यावर लिहिलेलं असावं.