निकोबारची ‘होडी’ आणि तिची उलांडी

मिठागर: पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजय पुरम) मानवशास्त्रीय संग्रहालयावर आमच्या गृहपत्रिकेसाठी लिहितोय. एका जागी अडलंय. निकोबारी नावेला तिकडे ‘होडी’च म्हणतात, सरकारी कागदांतही तेच. खोड कोरून केलेली नाव आणि एका बाजूला, आडव्या दांड्यांना बांधलेला तरंगता ओंडका. संपादक म्हणतात, होडी हा आपला शब्द, मूळ निकोबारी द्या. आणि त्या ओंडक्याला काय म्हणू? ‘आउटरिगर’ नकोय.

देवगडकर: उलांडी! त्यात विचारायचं काय? आमच्या आजोबांची उलांडीचीच होडी होती.

शब्दवेल: उलंडणे म्हणजे कलंडणे. जी होडी उलंडू देत नाही तीच उलांडी? मला ‘ओलांडणे’ पटतं. काठ ओलांडून बाहेर गेलेली, ती उलांडी.

देवगडकर: पावसाळी चपला पाऊस पाडतात का?

प्रमाण: उलांडी घाटावर कुणाला कळणार? ‘संतुलक’ लिहा, अर्थ आपोआप उलगडतो.

देवगडकर: संतुलक बांधून बांगडे धरायला जा, मग भेटू.

खलबत: होडी हा शब्द तिकडे मराठी कैद्यांनीच नेला असणार. 1858 पासून आपली माणसं काळ्या पाण्यावर जात होती.

शब्दवेल: कैदी मुख्यतः अंदमानात, होडी निकोबारात. मध्ये दीडशे किलोमीटरची टेन डिग्री खाडी. शिवाय गुजरातीत होडी, तमिळमध्ये ओडम्, तेलुगूत ओड. चोळांच्या शिलालेखातही निकोबार ‘नक्कवारम्’ म्हणून येतं, म्हणजे ये-जा जुनीच. प्रत्येक शब्द आपणच निर्यात केला असं कशाला धरायचं?

खलबत: ‘असणार’ म्हटलंय, ‘आहे’ नाही.

गाविलगड: अवांतर: निकोबारी भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, आणि मेळघाटातली कोरकूही. नातं शोधायचंच तर तिथे शोधा.

मिठागर: छान, पण मथळ्यात काय लिहू? उद्या मजकूर द्यायचाय.

शब्दवेल: ‘आदिम जमाती’ लिहिलंय का? आधी ते खोडा. अंदमानातल्या जमातीचं ‘जारवा’ हे नावही शेजाऱ्यांनी दिलेलं, अर्थ ‘परके’. ते स्वतःला ‘अंग’ म्हणवतात.

प्रमाण: मग ‘मूलनिवासी’ लिहा.

गाविलगड: त्या शब्दाला इकडे राजकारणाचा वास आहे. आदिवासी काय वाईट?

देवगडकर: जारवा अंदमानचे, होडी निकोबारची. धागा कुठे चाललाय?

प्रमाण: कोरकूत नावेला काय म्हणतात, गाविलगड?