मदत हवी आहे: १४ जणांची पंगत, बार्बेक्यू नेशन आणि आईचा चातुर्मास

पुढच्या रविवारी बाबांची पंच्याहत्तरी. नातवंडांनी बडोद्यातलं बार्बेक्यू नेशन ठरवलंय आणि मलाही ते मनापासून आवडतं. टेबलातच बसवलेली शेगडी, डोळ्यांसमोर शेकणाऱ्या सळ्या, आणि छोटा झेंडा खाली करेपर्यंत वाढतच राहणारे वाढपी. आपल्या आग्रहाच्या पंगतीचीच आठवण येते, म्हणून बाबांनाही रमेल असं वाटतं.

अडचण आईची. चातुर्मासात ती कांदा, लसूण, वांगं खात नाही, आणि शेजारी मांसाहारी सळ्या असल्या तर घासही घेणार नाही. १४ पैकी ५ जण मांसाहारी आहेत. दोन वेगळी टेबलं घेता येतील, पण मग बाबांभोवती सगळे बसणार कसे? मेनू वाचला, त्यात कांदा-लसणाचा उलगडा होत नाही. पूर्ण शाकाहारी हॉटेल सुचवू नका, मुलं खूप दिवसांपासून वाट बघतायत. जायचं दुपारीच, बाबांना रात्रीचं जड जेवण चालत नाही.

अलीकडे मोठा गोतावळा घेऊन तिथे गेलेल्यांनी कृपया सांगा: एकाच लांब टेबलावर शाकाहारी शेगडी खरंच वेगळी ठेवतात का? आणि आधी कळवलं तर कांदा-लसणाशिवाय आईला पोटभर काय काय मिळेल?